जिनेव्रा दे बेंचीची प्रतिकृती: फाइलपासून फ्रेमपर्यंत

कॅरमच्या बोर्डाचे चार सारखे चौकोन केले तर त्यातला एक जेवढा होईल, साधारण तेवढेच लिओनार्दो दा विंचीचे ‘जिनेव्रा दे बेंची’ हे एका तरुणीचे व्यक्तिचित्र आहे. उंची ३८.१ सेंमी, रुंदी ३७ सेंमी. बाजारात मात्र तिच्या प्रतिकृती दोन बाय तीन फुटांच्या कॅनव्हासवर सर्रास मिळतात. जवळजवळ चौकोनी चित्र दोनास तीन या मापात बसवायचे तर ते कुठून तरी कापावे लागते, नाहीतर ताणावे लागते. शिवाय मूळ चित्र कॅनव्हासवर नाहीच. पॉप्लरच्या लाकडी फळीवर गुळगुळीत अस्तर चढवून त्यावर ते तैलरंगात रंगवले आहे. म्हणजे कॅनव्हासच्या प्रतीवर गालावर जी विणकामाची जाळी दिसते, ती मुळात तिथे कधीच नव्हती.

प्रतिकृती करायची तर हेच चित्र निवडायला दोन सरळ कारणे आहेत. ते मूळ आकारात ए-२ कागदावर मावते. आणि ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या मालकीचे आहे (१९६७ साली लिश्टेनस्टाइनच्या राजघराण्याकडून घेतलेले). या संग्रहालयाने आपल्याकडच्या स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांचे फोटो सर्वांना मोफत वापरासाठी खुले केले आहेत. छापा, भेट द्या, विका, कोणाला विचारावे लागत नाही.

हा दुसरा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. चित्रकाराला जाऊन पाचशे वर्षे झाली म्हणून प्रत्येक चित्राचा प्रत्येक फोटो मोकळा असतो असे नाही. इटलीतल्या सरकारी संग्रहांमधल्या कलाकृतींच्या प्रतिमा व्यापारासाठी वापरायच्या तर तिथल्या २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेनुसार परवानगी आणि शुल्क लागते. घरच्या भिंतीपुरती प्रत काढणाऱ्याला याचा त्रास नाही. पण प्रिंट विकायच्या असतील तर चित्र कोणत्या संग्रहालयाचे आहे आणि फोटो कोणत्या अटीवर मिळतो, हे आधी वाचा.

फाइल घेताना

फाइल संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, मिळेल त्यातली सर्वात मोठी घ्या. ‘इमेज सर्च’मध्ये या चित्राच्या शंभर छटा सापडतात: कुठे चेहरा हळदीत बुडालेला, कुठे निळसर, कुठे कोणी ‘साफ’ करून भेगा पुसलेल्या. पिवळ्या आवृत्त्यांमागे बरेचदा जुने फोटो असतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रावरचे पिवळे पडलेले वार्निश काढण्यात आले. त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकातली जिनेव्रा आणि आज गॅलरीत दिसणारी जिनेव्रा यांच्या रंगात फरक असणारच. कपाटातल्या जुन्या पुस्तकाशी रंग जुळवत बसू नका.

फाइल उघडल्यावर पहिल्यांदा तिचे गुणोत्तर तपासा. उंची भागिले रुंदी केल्यावर १.०३ च्या आसपास आले तर फाइलमध्ये फक्त मूळ फळी आहे. १.१५ आले तर खाली नंतर जोडलेली पट्टीही धरली आहे. या चित्राचा खालचा भाग केव्हातरी कापला गेला. त्यात बहुधा तिचे हात होते. आज जोडपट्टीसकट फळीची उंची ४२.७ सेंमी भरते. फाइल पट्टीसकट असेल आणि तुम्ही ती ३८.१ सेंमी उंचीला छापलीत, तर सगळा चेहराच दहा टक्क्यांनी लहान होईल आणि चूक कुठे झाली ते कळणारही नाही.

मग पिक्सेल मोजा. ३८.१ सेंमी म्हणजे बरोबर १५ इंच, आणि ३७ सेंमी म्हणजे १४.५७ इंच. इंचाला ३०० पिक्सेल हवे असतील तर फाइल ४५०० बाय ४३७० पिक्सेलची लागते. २४० ला ३६०० बाय ३४९७ पुरते, आणि हातभर अंतरावरून फरक शोधूनही सापडत नाही. २०० म्हणजे ३००० बाय २९१३. भिंतीवर चालते, पण कानाजवळच्या कुरळ्या बटा जरा मऊ पडतात. त्याखाली मूळ आकाराचा हट्ट सोडा आणि लहान प्रत छापा.

पिक्सेल कमी पडले की आजकाल एआयने फाइल मोठी करून देतात. या चित्रासाठी ते नको. ते सॉफ्टवेअर तपशील शोधून काढत नाही, रचते. गालाच्या सावलीत ते कातडीची छिद्रे घालते आणि भेगांची जाळी आपल्या मनाने पुढे नेते. लिओनार्दोने गालावरच्या छटा इतक्या हळुवार एकमेकींत मिसळल्या आहेत की प्रकाश कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते ते बोट ठेवून दाखवता येत नाही. रंग मिसळताना त्याने हातही वापरला. त्याच्या बोटाचे ठसे रंगाच्या थरात सापडले आहेत. अशा कातडीवर यंत्राने छिद्रे काढली की चेहरा साबणाच्या जाहिरातीतला दिसतो. दहा-वीस टक्के वाढवायचेच असेल तर फोटो-सॉफ्टवेअरमधली ‘बायक्युबिक’ ही आकार वाढवण्याची साधी पद्धत वापरा. त्याने चित्र जरा मऊ होईल, पण खोटे होणार नाही.

कागद आधी, रंग नंतर

बरेच जण संगणकावर रंग जुळवून झाल्यावर दुकानात जाऊन ‘चांगला कागद’ मागतात. क्रम उलटा हवा. कागद किती काळा होऊ शकतो आणि त्याचा पांढरा किती उबदार आहे, यावरच रंगाची सगळी जुळवाजुळव ठरते.

जिनेव्राच्या डोक्यामागे ज्युनिपरचे दाट झुडूप आहे. इटालियनमध्ये ज्युनिपरला ‘जिनेप्रो’ म्हणतात, म्हणजे तिच्या नावावरचा श्लेष. चित्राचा मोठा हिस्सा या गडद, टोकदार पानांनी व्यापला आहे आणि प्रतिकृतीची परीक्षा तिथेच होते. मॅट सुती कागदावर काळ्याची घनता साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते. बरायटा प्रकारच्या अर्धचकचकीत कागदावर २.३ च्या पुढे. म्हणजे मॅटवर सर्वात गडद काळा हा खरे तर गडद राखाडी असतो. त्याखालच्या सगळ्या छटा एकमेकींत कोसळतात आणि झुडपाचा एक सपाट डाग होतो. बरायटावर पाने सुटी दिसतात, आणि वार्निश केलेल्या तैलचित्राची खोलीही त्यातच येते. म्हणून या चित्राला बरायटा किंवा प्लॅटिन जातीचा, १०० टक्के सुती, ३१० ग्रॅमच्या आसपासचा कागद योग्य. कॅन्सनचा प्लॅटिन फायबर रॅग किंवा हानेम्यूलेचा फोटो रॅग बरायटा ही सहज सापडणारी उदाहरणे.

मॅटची बाजू घ्यायची तर एकच गोष्ट सांगता येईल: काच न लावता चित्र लावायचे असेल आणि समोर खिडकी असेल, तर बरायटावर चमक पडते, मॅटवर नाही.

कागद घेताना ‘ऑप्टिकल ब्राइटनर’ नसलेला मागा. हे रसायन अतिनील किरण शोषून निळा प्रकाश परत फेकते, त्यामुळे कागद निळसर पांढराशुभ्र दिसतो. काही वर्षांत त्याची ताकद संपते आणि कागद पिवळट होतो. पण त्याआधीच जिनेव्राच्या फिकट कपाळाखालून निळसरपणा डोकावतो, आणि तो संगणकावरच्या कोणत्याही रंगजुळणीने जात नाही. तपासायला नोटा पारखायचा अतिनील दिवा पुरतो: अंधारात कागदावर धरला की ब्राइटनर असलेला कागद निळा उजळतो, नसलेला मंद क्रीमच राहतो.

शाई पिगमेंटचीच, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली. डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईचे रंग भडक आणि सुंदर येतात, पण प्रकाशात लवकर उडतात. १० किंवा १२ शायांचा, १७ इंच रुंदीचा प्रिंटर, उदाहरणार्थ एप्सनचा पी-९०० किंवा कॅननचा प्रो-१०००, या कामाला पुरेसा आहे. ‘जिक्ले’ या शब्दाला भुलू नका. १९९१ साली इंकजेटला जरा रुबाबदार नाव हवे म्हणून फ्रेंचमधल्या फवारण्याच्या क्रियापदावरून तो बनवला गेला. त्यामागे दर्जाचे कोणतेही प्रमाणपत्र नाही. विक्रेता ‘जिक्ले’ म्हणाला की पुढचा प्रश्न विचारा: कागद कोणता, शाई पिगमेंट की डाय?

संगणकावर

मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग आणि उजळता मोजून बसवलेला हवा. पडद्याची उजळता चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला या टप्प्यात आणा. दुकानातून आलेला पडदा याच्या दुप्पट-तिप्पट उजळ असतो, आणि ‘प्रिंट काळी आली’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. पडद्यावर सगळे उजळ दिसते म्हणून माणूस फाइल गडद करतो, आणि कागद स्वतः प्रकाश देत नाही.

फाइलमध्ये प्रोफाइल, म्हणजे तिच्यातल्या आकड्यांचा नेमका रंग कोणता हे सांगणारी नोंद, जडवलेले आहे का ते पाहा. असेल तर तेच ठेवा. नसेल तर एसआरजीबी हे सर्वसाधारण प्रोफाइल ‘असाइन’ करा, ‘कन्व्हर्ट’ नव्हे. असाइन म्हणजे आहेत त्या आकड्यांचा अर्थ सांगणे, कन्व्हर्ट म्हणजे आकडेच बदलणे. नंतर १६ बिटमध्ये नेऊन टिफ म्हणून जतन करा आणि मूळ जेपेगला हात लावू नका. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छापखान्याच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, बदलू नका. ती सवय ऑफसेटच्या छापखान्यातून येते. दहा शायांचा इंकजेट पडद्याची लाल-हिरवा-निळा ही आरजीबी पद्धतच मागतो, आणि सीएमवायके करून दिलेल्या फाइलमध्ये दूरच्या पाण्याचा निळा आधीच मेलेला असतो.

आता कागद आणि प्रिंटरच्या जोडीचे आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) कागद बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि सॉफ्ट-प्रूफ, म्हणजे छपाई कशी दिसेल याचा पडद्यावरचा अंदाज, चालू करा. तिथल्या पर्यायांपैकी ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ (कागदाच्या आवाक्यातले रंग जसेच्या तसे ठेवणारा) आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फाइलचा काळा कागदाच्या काळ्याशी जुळवणारा) हे या चित्रासाठी बरे. रेनेसाँसच्या रंगपेटीत कागदाच्या आवाक्याबाहेरचे भडक रंग फारसे नसतात. सॉफ्ट-प्रूफमध्ये झुडूप बुजताना दिसले तर उजळतेच्या ‘कर्व्ह’च्या खालच्या, गडद टोकाला हात घाला: ० (काळा) ते २५५ (पांढरा) या मोजपट्टीवर १६ चा बिंदू २१-२२ वर उचला, ६४ ला खिळा मारा, म्हणजे त्यावरच्या, चेहऱ्याच्या छटा हलणार नाहीत. बरायटावर एवढे पुरते. मॅटवर हाच बिंदू २६ पर्यंत न्यावा लागतो.

इथे मोह आवरायचा असतो. ज्युनिपरची पाने एकेकाळी बरीच हिरवी होती. काळाच्या ओघात ती तपकिरी पडली. स्लायडर थोडा ओढला की ती हिरवी होतात आणि बघणारा खूशही होतो. पण मूळ हिरवा नेमका कोणता होता हे स्लायडरला ठाऊक नसते, आणि झुडूप हिरवे होताच तिच्या गालावर शेजारच्या रंगामुळे लालसरपणा जाणवू लागतो. मग गाल सुधारायचा, मग आकाश. एकदा सुरुवात केली की चित्राचा तोल तुमच्या हातात येतो आणि लिओनार्दोच्या हातातून जातो. भेगांचेही तेच. रंगाच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी सुरकुत्या आहेत, कारण तैलमाध्यम तेव्हा फ्लोरेन्समध्ये नवे होते आणि तरुण लिओनार्दो ते अजून शिकत होता. त्या पुसल्या तर त्याचा अभ्यास पुसला जातो.

शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणे, सगळ्यात शेवटी, अंतिम आकारात आणि वेगळ्या लेयरवर. इंचाला ३०० पिक्सेल असतील तर ‘अनशार्प मास्क’ या फिल्टरची मात्रा ७०, त्रिज्या ०.८ पिक्सेल, थ्रेशोल्ड ३ पासून सुरुवात करा. मग मास्क काढून चेहरा, मान आणि छाती यांवरून शार्पनिंग पुसून टाका. बटा, चोळीची निळी नाडी, गळ्याशी झिरझिरीत कापड अडकवणारे बारीक बटण यांवर ते राहू द्या. संपूर्ण चित्राला एकच मात्रा दिली तर फोटोतला दाणा गालावर उठून येतो.

कागद कापून चाचणी

ए-२ कागद ४२ बाय ५९.४ सेंमी. चित्र ३७ सेंमी रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंमी उरतात. उंचीत तब्बल २१.३ सेंमी शिल्लक राहतात, आणि ही शिल्लकच चाचणीच्या कामी येते. छापण्याआधी कागदाच्या एका टोकाकडून ११.४ सेंमीची पट्टी धारदार कटरने कापा. मुख्य कागद ४२ बाय ४८ चा उरेल. त्यावर वर ४.५ आणि खाली ५.४ सेंमी समास सुटेल. काही प्रिंटर जाड कागदाच्या पुढच्या-मागच्या कडेला ३ सेंमी मोकळे सोडायलाच लावतात, तेही यात बसते.

पट्टीवर आठ-आठ सेंमीचे चार तुकडे मूळ आकारातच छापा: गाल आणि बटा, झुडपाची कडा आणि मागचे आकाश, दूरचे पाणी आणि झाडे, चोळीची नाडी. संपूर्ण चित्र लहान करून छापलेली चाचणी फसवते, कारण लहान चित्रात सावल्या नेहमी जास्त भरलेल्या आणि कडा जास्त टोकदार दिसतात.

ओली पट्टी बघून निर्णय घेऊ नका. निदान अर्धा तास थांबा. बरायटावर काळा रंग वाळताना बदलतो. मग ती ५००० केल्विनच्या, रंग खरे दाखवणाऱ्या म्हणजे सीआरआय ९० च्या वरच्या दिव्याखाली पाहा, आणि लगेच जिथे चित्र लागणार आहे त्या भिंतीपाशी, रात्रीच्या दिव्यात पाहा. स्वस्त एलईडीखाली फिकट कातडी हिरवट दिसू शकते. तसे झाले तर फाइल नाही, दिवा बदला. झुडपाच्या तुकड्यात पानांची टोके हातभर अंतरावरून सुटी मोजता आली पाहिजेत. येत नसतील तर कर्व्ह आणखी दोन अंकांनी उचला आणि पट्टीच्या मागच्या रिकाम्या भागावर नव्हे, नव्या पट्टीवर छापा: या कागदांना शाई धरणारे अस्तर एकाच बाजूला असते.

छपाईच्या दिवशी

१. नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रे चालू आहेत का हे दाखवणारा रेघांचा नमुना, काढा. एक रेघ जरी तुटली असेल तरी हेड क्लीनिंग करून पुन्हा काढा. तुटकी रेघ आकाशात आडव्या पट्ट्या होऊन दिसते.

२. कागद वाकलेला असेल तर दोन स्वच्छ पुठ्ठ्यांमध्ये रात्रभर सपाट दाबून ठेवा. कोपरा तीन मिलिमीटर जरी उचललेला असला तरी प्रिंटहेड त्याला घासून जातो आणि काळा ओरखडा उमटतो. जाड कागदाला ‘प्लॅटन गॅप’ (प्रिंटहेड आणि कागद यांतले अंतर) रुंद ठेवा.

३. मऊ ब्रशने कागदावरची सुती धूळ झाडा. धुळीच्या कणावर शाई बसते, नंतर कण गळतो, आणि झुडपात पांढरा ठिपका राहतो.

४. छापताना रंगाचा ताबा सॉफ्टवेअरकडे द्या, आयसीसी प्रोफाइल निवडा आणि प्रिंटर ड्रायव्हरमधले रंगनियंत्रण पूर्ण बंद करा. दोन्ही चालू राहिले तर रंग दोनदा सुधारले जातात आणि चेहरा गुलाबी-जांभळा येतो.

५. काळ्या शाया दोन असतात: बरायटाला फोटो ब्लॅक, मॅटला मॅट ब्लॅक. उलट केले तर मॅटवर काळा धुतलेला दिसतो आणि बरायटावर शाई हाताला लागते.

६. ‘फिट टू पेज’ बंद, प्रमाण १०० टक्के. छापून झाल्यावर पोलादी पट्टीने रुंदी मोजा: ३७ सेंमी. एक-दोन मिलिमीटरचा फरक दिसला तर ड्रायव्हरने कुठेतरी चित्र आकसलेले आहे.

प्रिंट लॅबला फाइल पाठवणार असाल तर वरचे ४, ५ आणि ६ हे मुद्दे लेखी द्या आणि ‘ऑटो करेक्शन नको’ हे वेगळे लिहा. लॅबच्या यंत्रातली आपोआप सुधारणा गडद चित्राला फोटो समजून उजळते. लग्नाच्या अल्बमला ते बरे असेल, पण ज्युनिपरला नाही. लॅबकडून त्यांच्या कागदाचे प्रोफाइलही मागा. देत नसतील तर दुसरी लॅब बघा.

छापलेला कागद २४ तास उघडा, सपाट ठेवा. नंतर त्यावर साधा शोषक कागद ठेवून आणखी एक दिवस. शाईतली ग्लायकोल ही द्रावके हळूहळू उडत असतात. घाईने फ्रेम बंद केली तर काही आठवड्यांत काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर बसतो आणि त्यात चित्राच्या आकाराची अंधुक छाया दिसते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात या वाळण्याला आठवडा द्या. खरे तर जमले तर छपाई दिवाळीनंतरच काढा. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत असेल तेव्हा कागद, शाई आणि माणूस तिन्ही शांत असतात.

फ्रेम

चांगली प्रिंट सगळ्यात जास्त वेळा फ्रेमच्या दुकानात मरते. ठरलेली पद्धत अशी: प्रिंटला मागून फेविकॉल, हार्डबोर्डवर चिकटवा, वर काच दाबा, मागे ब्राउन पेपर. फेविकॉलच्या पाण्याने कागद फुगतो, वाळताना लाटा येतात. हार्डबोर्डमधले आम्ल काही वर्षांत कडांना तपकिरी करते. आणि काचेला टेकलेली शाई एखाद्या दमट ऑगस्टमध्ये काचेलाच चिकटते. हे तिन्ही टाळायचे तर दुकानदाराला मापे आणि साहित्य तुम्हीच द्या.

माउंटला, म्हणजे चित्र आणि काच यांमधल्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याला, आम्लरहित सुती बोर्ड, दीड मिलिमीटर जाडीचा. खिडकी ३८ बाय ३९.१ सेंमी कापून घ्या, म्हणजे चित्राभोवती चारी बाजूंना अर्धा सेंमी कोरा कागद दिसेल. या अर्ध्या सेंमीने दोन गोष्टी साधतात: चित्राची एकही कडा झाकली जात नाही, आणि ही छापील प्रतिकृती आहे हे चित्र स्वतःच सांगते. माउंटची पट्टी वर आणि बाजूंना ७ सेंमी, खाली ८. खालची सारखी ठेवली तर चित्र घसरल्यासारखे वाटते. बाहेरचे माप ५२ बाय ५४.१ सेंमी झाले. फ्रेमच्या आतल्या खाचेला दोन्हीकडे ३ मिलिमीटर जास्त द्या. लाकूड हवेप्रमाणे हलते. काच २ मिमी, माउंट दीड, मागचा बोर्ड दीड, फोमबोर्ड ५: एकूण १० मिमी. त्यामुळे फ्रेमच्या लाकडी पट्टीची खाच १३ ते १५ मिमी खोल हवी. बहुतेक बारीक पट्ट्यांची खाच एवढी नसते. ऑर्डर देण्याआधी तुकडा हातात घेऊन मोजा.

प्रिंट मागच्या बोर्डला कागदी बिजागऱ्यांनी टांगायची. जपानी कोझो कागदाच्या, अडीच सेंमी रुंद, चार सेंमी लांब दोन पट्ट्या कात्रीने न कापता ओल्या ब्रशची रेघ मारून फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू पुढून उठून दिसत नाहीत. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ. कुरडयांसाठी चीक काढतात त्याचाच हा शुद्ध, कोरडा प्रकार. एक वाटी सत्त्व, पाच वाट्या शुद्ध पाणी, अर्धा तास भिजत ठेवा. मग मंद आचेवर सतत ढवळत वीस ते तीस मिनिटे शिजवा. पांढरे दूध आधी घट्ट होते, मग काचेसारखे पारदर्शक आणि तकतकीत होते. चमच्यावरून धार न पडता गोळ्याने घसरले की झाले. गार करून गाळणीतून दोनदा दाबून काढा. फ्रीजमध्ये चार दिवस टिकते, वास बदलला की टाकून द्या. वाटी मोठी वाटत असेल तर चमच्याने मोजा. दोन बिजागऱ्यांना एक चमचा सत्त्वही फार होते.

बिजागरीचे एक टोक प्रिंटच्या मागे वरच्या कडेला, कोपऱ्यापासून पाव रुंदीवर लावा. दुसरे टोक बोर्डवर, आणि त्यावर आडवी पट्टी, म्हणजे टी आकार होतो. वर शोषक कागद आणि काचेचे वजन ठेवून तासभर दाबा. फक्त वरची कडा अडकवायची. खालची मोकळी राहिली की पावसाळ्यात कागदाला पसरायला जागा मिळते. सेलोटेप कुठेच नको. तिचा डिंक पाच-सात वर्षांत कागदातून पुढे पाझरतो.

काच साधी चालेल, अतिनील रोखणारी असेल तर बरे. प्रिंटवर ब्रशने जेल फासून ‘तैलचित्राचे फटकारे’ उमटवणारेही लोक आहेत. जुन्या ऑलिओग्राफांपासून, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्रांपासून, ही हौस चालत आली आहे. लिओनार्दोचा पृष्ठभाग मुळातच गुळगुळीत असल्यामुळे इथे ती हौस नुसती चूक ठरते.

मागच्या बोर्डवर पेन्सिलने लिहा: चित्राचे नाव, ‘प्रतिकृती’, मूळ कोणत्या संग्रहात, कागद, शाई, छपाईचा महिना आणि वर्ष. जागा उरली आणि हौस असली तर त्याच संकेतस्थळावरून फळीच्या मागच्या बाजूचा फोटोही घ्या. तिथे पोर्फिरी दगडाचा आभास देणाऱ्या लालसर पार्श्वभूमीवर लॉरेल, ताड आणि मधोमध ज्युनिपरची डहाळी आहे, आणि लॅटिन ओळ: सौंदर्य सद्गुणाला शोभा देते. तीही ३७ सेंमीलाच छापा. दोन चित्रे शेजारी लावण्यापेक्षा दोन्हीकडून काच असलेल्या फ्रेममध्ये पाठीला पाठ लावून खोलीच्या मधल्या खांबावर काटकोनात बसवली, तर ती कशी वस्तू होती ते कळते: एका बाजूने बघायची, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूने.

भिंत बाहेरची, पावसाचा मारा खाणारी नसावी. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या पाच मिलिमीटरच्या चकत्या लावा, म्हणजे मागून हवा खेळेल. थेट ऊन कोणत्याही ऋतूत नको. दिवा ३००० केल्विनचा, ९० च्या वर सीआरआयचा, काचेत झगमगणार नाही अशा तिरक्या कोनात.

पहिल्या जुलैत कागद जरासा फुगलेला दिसेल. फ्रेम उघडू नका. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात तो परत बसतो. नोव्हेंबरातही लाट तशीच राहिली, तर फ्रेम उघडून खालची कडा बघा. दुकानात कोणीतरी ‘मजबुतीसाठी’ तिथेही टेप लावलेली असते.